राखून ठेवलेली जागा

“गंगाबाई, एवढा एक डाग राहिला बघा,” सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी काचेवर बोट टेकवलं. नेमकं तिथंच टेकवलं. गंगीच्या हातातलं ओलं फडकं हातातच राहिलं. सकाळपासून तिने दोन्ही खोल्यांतली सगळी कपाटं पुसली होती, स्टुलावर चढून जळमटं काढली होती, दाराच्या चौकटीला तेलाचा हात दिला होता. आणि या मधल्या कपाटाची ही एका कोपऱ्याकडची काच तेवढी चुकवली होती. आज नाही, गेले अडीच महिने ती चुकवत आली होती. डाग तसा मोठा नव्हता. जवळ जाऊन पाहिलं तर कळायचं की वरचं लांबट पुसट दिसतं ते कपाळ आहे, खालचा ठिपका नाकाच्या शेंड्याचा, आणि दोन्ही बाजूंना ओरखड्यासारखं जे आहे ते कानांपाशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या काचेला घासल्याचं. सदाशिवरावांनी जवळ जाऊन पाहिलं नाही. चार वाजता नव्या दालनाच्या उद्घाटनाला कलेक्टरीणबाई येणार, सतरंज्यांचा पत्ता नाही, हारवाला उद्या ये म्हणून सांगतोय, अशा गडबडीत माणूस डागाकडे डाग म्हणूनच पाहतो. “पुसून टाका,” असं म्हणून ते धोतराचा सोगा सावरत बाहेर गेले.

पुसून टाकायचं तर एक हात फिरवायचा होता. गंगी तिथंच उभी राहिली. डिसेंबरचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं आणि बाहेरच्या रस्त्यावरून जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांचा करकर आवाज येत होता. त्या आवाजाने तिला लहानपणापासून एकच माणूस आठवायचा, तिचा बाप हिरासिंग. महागावकडच्या तांड्यावरून तो कापूस भरून यवतमाळला यायचा, बैलांशी गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, आणि माणसांशी वऱ्हाडीत बोलायचा, आणि दोघांशीही सारख्याच प्रेमाने भांडायचा. गाडी वळणावर आली की कान टवकारायची तिची सवय अजून गेली नव्हती. बाप जाऊन दीड महिना झाला होता. कानांना कोण सांगणार?

टाऊन हॉलमागच्या या दोन खोल्यांना लोक गमतीने भंगारखाना म्हणत. सदाशिवराव त्याला संग्रहालय म्हणत, आणि ते चित्रकलेचे निवृत्त मास्तर असल्यामुळे त्यांना कोणी उलट बोलत नसे. गंगी त्यांच्या हाताखाली चार वर्षं होती. बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेली तांड्यावरची पहिली मुलगी, अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम तिचं. सदाशिवरावांची कामाची एक पद्धत होती. आधी जागा राखायची, चिठ्ठी लिहून लावायची, वस्तू मागाहून येते. एकदा त्यांनी मोकळ्या फळीवर ‘लाकडी काटवट, जुनी’ अशी चिठ्ठी लावून ठेवली आणि दोन महिन्यांत राळेगावचा एक जण खरोखरच काटवट घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून म्हाताऱ्याचा पक्का विश्वास बसला होता. “रिकामी जागा हाक मारते, गंगाबाई,” ते म्हणायचे. गंगीला ते ऐकून हसू यायचं, आणि ती हसत हसत चिठ्ठ्या लिहायची.

मग रहमतचाचांची पेटी आली. रहमत फिटर हे तिच्या बापाचे जुने दोस्त. गाडीवान कापूस उतरवून बिडी ओढत बसायचे तेव्हा हा मिस्त्री यंत्राचा पट्टा बदलून काळ्या हातांनी त्यांच्यात येऊन बसायचा. पुढे एका गुजराती शेटने युगांडात जिनिंग टाकली तेव्हा तो मिस्त्री म्हणून तिकडे गेला आणि पंधरा वर्षांनी परत आला. येताना पत्र्याची एक पेटी आणली. घरच्यांना वाटलं घड्याळं असतील, रेशीम असेल. निघालं काय, तर झाडाची साल कुटून केलेलं तांबूस कापड, बारीक मण्यांचा कंबरेला बांधायचा पट्टा, विणलेलं सूप, भोपळ्याचं नक्षीदार भांडं. सगळी बायकांची चीजवस्तू. जैबुनबीने, त्यांच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला आणि पेटी गोठ्यात ठेवायला लावली. तिथून ती सदाशिवरावांनी उचलली. त्यांच्या डोक्यात लगेच दालन उभं राहिलं: तिकडच्या बायका आणि इकडच्या बायका, समोरासमोर. सालीच्या कापडासमोर आरसे लावलेली कांचळी चोळी, भोपळ्यासमोर तांब्याची घागर. आणि मधल्या कपाटात, मखमलीवर, पेटीच्या तळाशी सापडलेलं ते हस्तिदंती कडं. दंडात घालायचं, बोटभर रुंद, वापरून पिवळं पडलेलं. एका जागी करवतीने आरपार कापलेलं.

“हे कापलेलं काहून हाये चाचा?” गंगीने तेव्हा विचारलं होतं, कारण चिठ्ठीवर काही लिहायला हवं होतं.

रहमतचाचांनी कडं बोटांनी फिरवलं, कापलेल्या जागेशी थांबवलं. मग म्हणाले, “मीच कापलं बेटी. रेच्यावर, सरकी काढाच्या मशीनवर, कापूस टाकाची ते बाई. हात वढल्या गेला पट्ट्यात. मशीन बंद केली मी, पन कडं दंडात रुतलं, वरून हात सुजून राह्यला. आरीनं कापलं. बाई अशी रडे, अशी रडे, मले वाटलं दुखते म्हून रडते. दोन रोजानं समजलं, ते हातासाठी नोहोती रडत.” त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. “परत द्याले गेलतो मी. घेतलं नाई तिनं. तुटलेलं घेत नाई म्हने. मंग राह्यलं माह्याजोळ.”

“नाव काय तिचं?”

“हजेरीत लंबर होता नुसता,” चाचा म्हणाले.

तर चिठ्ठीवर ‘हस्तिदंती कंकण, युगांडा’ एवढंच लिहिलं गेलं. आणि त्याच्यासमोर काय ठेवायचं हे सांगायला कोणाची गरजच नव्हती. गंगीच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, दोन्ही दंडांवर, कोपरापासून खांद्यापर्यंत, हस्तिदंती चुडो होता. लग्नात चढवलेला, वर जाईल तसतसा रुंद होत जाणारा. सदाशिवरावांनी तो एकदा एसटी स्टँडवर पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. हा दात आपल्याकडचा नव्हे, तिकडूनच मुंबईला यायचा, असं रहमतचाचांनी सांगितल्यावर तर ते टाळी वाजवून उठलेच. “अहो, एकाच हत्तीचे दोन दात असतील कदाचित! एक तिकडच्या बाईच्या दंडात, एक इकडच्या!” मखमलीवर त्यांनी शिंप्याच्या खडूने एक गोल आखला. “लिहा चिठ्ठी.”

इथं गंगीने हात आखडायला हवा होता. तिला काय माहीत नव्हतं? नवरा जिवंत असताना चुडो उतरत नाही, आणि नवरा गेला की उतरवतात तो घरात ठेवत नाहीत, पूस नदीत सोडतात, हे तांड्यावरच्या शेंबड्या पोरीलासुद्धा माहीत असतं. पण मास्तर समोर उभे होते, टाक शाईत बुडवलेला होता, आणि तिला वाटलं, येईल कुठून तरी कोणाचा तरी. कोणाचा? सगळ्यांचे तर नदीत गेलेले. तिने पुढचा विचार केला नाही. नाही कसा, थोडासा केला; पण त्याहून जास्त तिला हे वाटलं की आपल्या आईचं नाव काचेच्या आत, आपल्या अक्षरात, शहरातल्या बायका वाकून वाचतील. बोर्डिंगात पोरी तिला लमाणीण म्हणून चिडवायच्या तेव्हापासूनची ती भूक होती. तिने लिहिलं, ‘बंजारा विवाहित स्त्रीचा चुडो. सुखीबाई हिरासिंग, तालुका महागाव.’ अक्षर इतकं सुरेख आलं की तिने ते दोनदा वाचलं.

आणि भाद्रपदात एका दुपारी दोघं दारात उभी. बापाला बैलाच्या पत्र्या विकत घ्यायच्या होत्या, याडीला पोरीची नोकरी बघायची होती. बाप आत आलाच नाही. रहमतचाचा भेटल्यावर कसला आत येतो? ओट्यावर दोघांनी बिड्या पेटवल्या आणि कुठल्या तरी जुन्या गाडीवानाची नक्कल सुरू झाली. याडी आत आली. फेट्याचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर सावरत, चपला दाराशी काढून, देवळात यावं तशी आली. सालीचं कापड पाहून म्हणाली, “बाप्पा, झाडाचं लुगडं!” मण्यांच्या पट्ट्याची वीण तिने काचेवरून बोटाने मोजली आणि एके ठिकाणी चुकली आहे म्हणून सांगितलं. चुकली होती खरीच. इतक्या दिवसांत सदाशिवरावांना दिसली नव्हती. गंगीला इतका आनंद झाला की तिने आईला हाताला धरून मधल्या कपाटापाशी नेलं. याडीने ते कापलेलं कडं पाहिलं. मग शेजारचा खडूचा गोल पाहिला.

“इथं काय ठेवतं व?”

खोटं बोलता आलं असतं. याडीला अक्षर येत नव्हतं. घागर म्हटलं असतं, तोडे म्हटलं असतं, काहीही चाललं असतं. पण इतक्या वर्षांत आईचं नाव आईला वाचून दाखवायची संधी गंगीला कधी आली नव्हती. तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. सुखीबाई हिरासिंग, तालुका महागाव. आपलं नाव ऐकून याडी आधी लाजली. खरंच लाजली, पदर तोंडाला लावला. मग तिचा हात आपोआप दंडाकडे गेला आणि चुड्यावर तसाच राहिला. बाहेर बाप खो खो हसत होता, हसता हसता खोकत होता. ते हसणं दोघींनी ऐकलं.

“मंग हे इथं कवा येनार हाये?” याडीने विचारलं. आवाजात राग नव्हता. एसटी कधी येणार हे विचारावं इतक्या साधेपणाने विचारलं.

गंगीने काचेवरची नसलेली धूळ पदराने पुसली. याडी मग पुढे वाकली, कपाळ काचेला टेकलं, आणि त्या रिकाम्या गोलाकडे बराच वेळ पाहत राहिली. घुगऱ्या काचेवर किणकिणल्या. स्टँडवर एसटीत चढताना ती एवढंच म्हणाली, “काच लय साफ ठेवतं तू.” बाप खिडकीतून हात हलवत होता.

चिठ्ठी तिने त्याच संध्याकाळी काढून टाकायला हवी होती. का काढली नाही? सदाशिवराव विचारतील म्हणून. मग दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून. मग दालनातल्या वस्तूंची यादी छापायला गेली म्हणून. माणसाला काही करायचं नसलं की कारणं पायात येतात. दिवाळीला आठ दिवस असताना रहमतचाचा सायकल हातात धरून, न बसता चालत आले, तेव्हाच तिने ओळखलं. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी सकाळी गेला. आणि रडू फुटायच्या आधी, अगदी आधी, एका पापणीच्या लवण्याइतक्या वेळात गंगीच्या डोळ्यांसमोर काय आलं? खडूचा गोल आला. तो गोल आता भरणार, हे आलं. बापाचं तोंड त्याच्या नंतर आलं. हे तिने कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण तेव्हापासून ती रात्री कूस बदलते ती यामुळेच. आपणच जागा राखून ठेवली. आपणच चिठ्ठी लावली. रिकामी जागा हाक मारते असं म्हातारा म्हणत होता आणि आपण हसत होतो.

तांड्यावर पाचव्या दिवशी बायका जमल्या. खालच्या बांगड्या साबणाच्या पाण्याने निघाल्या. डाव्या दंडावरची सगळ्यात वरची निघेना. तीस वर्षांत दंड भरला होता. अशा वेळी दगडाने फोडतात. नायकाच्या घरची हंसाबाई, अशा कामाला नेहमी पुढे असायची ती, दगड घेऊन बसलीसुद्धा. तेव्हा दोन दिवस तोंडातून अक्षर न काढलेली याडी एकदम बोलली.

“फोडू नका. माह्या पोरीची जागा खाली हाये तिथं. तिले साबूत पायजे.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कसली जागा, कुठली जागा? हंसाबाई म्हणाली, “अवो सुखी, नदीत सोडा लागते ते. कोन ठेवते का असं?” याडीने मान हलवली नाही. “बाकीच्या सोडा. हे राहू द्या.” गंगी तिथंच होती, आईचा हात मांडीवर धरून. याडी, नको, मला नको, असं ती म्हणाली का? म्हणाली. पण इतक्या हळू की ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि ऐकू जाऊ नये म्हणूनच हळू म्हणाली का, हे तिला अजून ठरवता येत नाही. शेवटी दुखवट्याला आलेल्या रहमतचाचांना झाडाखालून बोलावलं. गावच्या सुताराची करवत आणली. चाचांनी ती पाहिली, दंड पाहिला. “या अल्ला, दुसऱ्यांदा,” ते पुटपुटले. हाडाचा जळका वास आला, पांढरा भुगा फेट्यावर पडला. याडी रडली नाही. कापलेलं कडं तिने स्वतः पदराने पुसलं, गंगीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “घे. भर आता तुही जागा.”

फडक्यातलं पाणी थेंब थेंब फरशीवर गळत होतं. गंगीने ते खिडकीवर ठेवलं आणि कनवटीची किल्ली काढून कपाट उघडलं. आत मागे गुंडाळून ठेवलेलं याडीचं कडं हातात घेतलं. आतल्या बाजूने ते गुळगुळीत, मऊ पिवळं होतं, आणि नाकाशी नेलं तर अजून याडीचा वास येत होता, करंजीच्या तेलाचा आणि घामाचा. साडेअकराची गाडी होती. महागावला दोनला पोचली असती, पुलावर उतरून पाण्यात सोडलं असतं, संपलं असतं. बापाच्या जिवाला वाट मिळाली असती. तांड्यावर बायका अजून कुजबुजत होत्या की एक कडं राहिलंय, ते बरं नाही. पण याडीने ते नदीपासून वाचवून दिलं होतं, पोरीसाठी, नवऱ्याच्या पाचव्या दिवशी, सगळ्यांच्या विरोधात. ते नदीत सोडायचं म्हणजे तिने केलेलं वाया घालवायचं. घरी नेता येत नाही. काचेत ठेववत नाही. गंगी कडं मुठीत धरून उभी राहिली.

रहमतचाचा आले होते. धुतलेला सदरा, काळी टोपी. वस्तू देणारे म्हणून त्यांचंही नाव यादीत होतं. त्यांनी उघडं कपाट पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

“चाचा, हे मी पूस नदीत सोडून येऊ का?”

“मले कायले इचारतं बेटी?” ते म्हणाले. “मी ते दुसरं पंधरा वर्सं पेटीत ठेवलं. दर्यातून आलो, वीस रोज जहाजात होतो. रोज डेकवर जाऊन उभा राहो, फेकून देतो म्हने. फेकल्या गेलं का माह्यानं?”

“मंग काय करू?”

चाचांनी हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवायचा असावा, पण मध्येच खाली घेतला. तेवढ्यात बाहेर सदाशिवरावांचा आवाज आला, सतरंज्या आल्या, सतरंज्या आल्या, गंगाबाई, इकडे या जरा! गंगीने कडं गोलावर ठेवलं. खडूच्या रेघेला ते तंतोतंत बसलं. तिने कपाट बंद केलं आणि ती सतरंज्या अंथरायला गेली.

चिठ्ठी बदलावी, निदान ‘विवाहित’ हा शब्द खोडावा, असं तिने मागच्या आठवड्यात सदाशिवरावांना सुचवलं होतं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी चष्मा काढून तिच्या बापाबद्दल पुन्हा एकदा वाईट वाटल्याचं सांगितलं आणि म्हणाले, “पण वस्तू तर विवाहित स्त्रीचीच ना? प्रेक्षकांना अर्थ कळायला हवा.” यादीही तशीच छापून आली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून भांडायलाही काही नव्हतं.

चार वाजता मोटार आली. हार झाले, फीत कापली, चहा झाला. कलेक्टरीणबाई मुंबईकडच्या होत्या, मोकळ्या स्वभावाच्या, बारीक चष्म्याच्या, आणि त्यांना खरोखरच कळत होतं. नुसत्या माना डोलवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सालीच्या कापडापाशी त्या थांबल्या, मण्यांच्या पट्ट्यापाशी थांबल्या, मधल्या कपाटापाशी तर वाकून काचेला टेकल्याच. मागून शहरातल्या बायका वाकल्या, शाळेच्या बाई वाकल्या, त्यांच्या पोरींनी टाचा उंचावून नाकं चिकटवली. कोणीतरी मोठ्याने वाचलं, सुखीबाई हिरासिंग, तालुका महागाव. याच क्षणाची तिने वाट पाहिली होती.

“किती सुंदर!” कलेक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि गंमत पाहिलीत का? दोन्ही कड्यांवर अगदी एकाच जागी एकच खूण आहे. इतक्या दूरच्या दोन देशांत! ही नक्षीची पद्धत आहे का हो?”

सदाशिवरावांनी गंगीकडे पाहिलं; ही माहिती तिची. भिंतीशी उभे असलेले रहमतचाचा जमिनीकडे पाहू लागले. गंगीने तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं तिच्या घशात होतं, रेचा होता, करवत होती, पांढरा भुगा होता, बापाचं ओट्यावरचं हसणं होतं. पन्नास माणसं थांबली होती, चहाचे कप हातात होते, आणि बाई इतक्या आपुलकीने पाहत होत्या.

“हो,” गंगी म्हणाली. “नक्षी आहे.”

बाईंनी वहीत टिपून घेतलं.

सगळे गेल्यावर सदाशिवराव खुर्चीत बसले, कृतकृत्य झाल्यासारखे, आणि चपला काढून पाय चोळू लागले. गंगी मधल्या कपाटापाशी गेली. काचेवर कपाळंच कपाळं उमटली होती, नाकं, बोटं, कोणाच्या तरी कुंकवाचा लाल ठिपका. ती खाली वाकली, बाजूने उजेडात पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. घुगऱ्यांचे ओरखडे शोधले. त्या गर्दीत याडीचं कपाळ कुठलं, हे तिला काही केल्या सापडेना.

खिडकीवरचं फडकं वाळून कडक झालं होतं. तिने ते पुन्हा भिजवून आणलं आणि सगळी काच पुसून काढली.